टक्का ठरला, मक्याचा वाटा ठरला नाही: येवला–चांदवड पट्ट्यातल्या एका इथेनॉल कराराचं प्रकरण

नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीने २०२४ आणि २०२५ अशी दोन खरीप वर्षं, पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल बनवणाऱ्या एका प्रकल्पाला मका पुरवण्याचा करार केला. पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी ठरलेल्या ७०० टनांपैकी ५२० टन मका कंपनीच्या अंगावर राहिला. कंपनी, प्रकल्प आणि गावं यांची नावं इथे दिलेली नाहीत, आणि ओळख पटू नये म्हणून कंपनीचे टन आणि भाव ढोबळ केले आहेत. सरकारी दर, आदेश आणि तारखा मात्र आहेत तशाच ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

येवला, चांदवड, नांदगावच्या पट्ट्यात खरिपाला मका आणि सोयाबीन, मागून कांदा, असा फेर आहे. जून-जुलैत पेरलेला मका शंभर-एकशेदहा दिवसांत तयार होतो. सोंगणी आणि मळणी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत चालते. नेमक्या त्याच वेळी कांद्याची रोपं वाढत असतात आणि लागणीची मजुरी, खत, ठिबकची दुरुस्ती यासाठी रोख लागते. त्यामुळे मका घरात ठेवून भावाची वाट पाहण्याची सवड फार थोड्यांना असते. मळणीच्या वेळी दाण्यात २० ते २५ टक्के ओलावा असतो, परतीचा पाऊस लांबला तर त्याहून जास्त. लासलगाव, येवला, अंदरसूल, मनमाड इथे लिलाव होतात, पण बराच माल खेडा खरेदीत शेतावरूनच उचलला जातो.

आता धोरणाकडे. इथेनॉल मिश्रणाचा पहिला प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये ज्या तीन ठिकाणी झाला त्यांपैकी एक मनमाड होतं. बाकी दोन मिरज आणि बरेलीजवळचं आंवला. २००३ मध्ये काही राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झालं. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत २० टक्क्यांचं लक्ष्य होतं, ते २०२२ च्या दुरुस्तीने २०२५-२६ वर आणलं. दहा टक्क्यांचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला गेला आणि २०२५ मध्ये देशभर वीस टक्के झाले. एक बारकावा सहसा नजरेतून सुटतो. तेल कंपन्यांना दिलेला आदेश 'वीस टक्क्यांपर्यंत' इथेनॉल मिसळण्याचा आहे. ते उसाचं असावं, तांदळाचं की मक्याचं, यावर त्यात अवाक्षर नाही. तो वाटा दरवर्षी निविदा, खरेदीदर आणि अन्न खात्याचे आदेश यांच्यातून ठरतो.

मक्याला दिवस आले ते याच फटीतून. जुलै २०२३ मध्ये भारतीय अन्न महामंडळाने इथेनॉलसाठी तांदूळ देणं थांबवलं. ७ डिसेंबर २०२३ ला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी आली, आठवडाभरात ती सैल होऊन रस आणि बी-हेवी मळी (थोडी साखर मुद्दाम शिल्लक ठेवलेली मळी) मिळून १७ लाख टन साखरेइतकी मर्यादा आली. मिश्रणाचं लक्ष्य मात्र तसंच राहिलं. मग जानेवारी २०२४ मध्ये मक्यापासूनच्या इथेनॉलचा दर लिटरला ७१ रुपये ८६ पैसे झाला. तांदूळ बंद, ऊस अडलेला, आणि सगळ्यांत चढा दर मक्याला. २०२२-२३ च्या पुरवठा वर्षात मक्यापासून सुमारे ३१ कोटी लिटर इथेनॉल आलं होतं, २०२३-२४ मध्ये ते सुमारे २८६ कोटी लिटर झालं. टनाला ३८० लिटर उतारा धरला तर हा ७५ लाख टन मका झाला, म्हणजे देशाच्या उत्पादनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा.

अडचण

कंपनीचे भागधारक पाचशेच्या आत, गोदाम एक हजार टनांचं. ड्रायर नव्हता. जून २०२४ मध्ये शेजारच्या जिल्ह्यातल्या, धान्यावर चालणाऱ्या एका प्रकल्पाचा खरेदी अधिकारी गावात आला आणि हमीभावाच्या खाली न जाण्याची तयारी दाखवून गेला. करार करायचा की नाही, आणि केला तर किती टनांचा, एवढाच प्रश्न संचालक मंडळापुढे होता.

प्रत्यक्षात सभेत चर्चा झाली ती देशाच्या ऊर्जा धोरणावर. एका बाजूचं म्हणणं असं, की कच्च्या तेलाचा परदेशात जाणारा पैसा वावरात येतोय तर नको कशाला म्हणायचं. दुसऱ्या बाजूला दोन संचालक होते, दोघांच्याही पोल्ट्री. कोंबडीखाद्यात निम्म्याहून जास्त मका असतो, तो महाग झाला की अंडं महाग होतं आणि शेड रिकामी राहते, हे त्यांनी आकड्यांनी मांडलं. तो मुद्दा खराही होता. २०२४ मध्ये देशाला मका आयात करावा लागला, आणि त्या जूनमध्ये केंद्राने पाच लाख टनांपर्यंत सवलतीच्या शुल्काने आयातीला वाट दिली. फक्त हे दोघं खरेदीदार म्हणून बोलताहेत की विक्रेते म्हणून, हे अध्यक्षांनी आधी स्पष्ट करून घ्यायला हवं होतं.

तिसरा विषय निघाला गाड्यांचा. जुन्या मोटारसायकलींना नवं पेट्रोल चालतं का, सरासरी किती पडते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात याचं उत्तर आहे: मुळात बिनमिश्रणाच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींची सरासरी वीस टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्के घटते, तशाच दुचाकींची ३ ते ४ टक्के, आणि दहा टक्क्यांसाठी बनवून वीससाठी जुळवलेल्या चारचाकींची १ ते २ टक्के. चर्चा रंगली, पण तिचा करारातल्या एकाही कलमाशी संबंध नव्हता.

पाण्याचा मुद्दा मात्र कराराला थेट भिडणारा होता. उसाच्या इथेनॉलवर पाण्याची टीका होते, मका बहुतांशी पावसावर येतो, त्यामुळे पुढे-मागे धोरण मक्याकडेच झुकेल, असं बहुतेकांनी गृहीत धरलं. दुसऱ्या वर्षी सगळं बिघडलं ते याच गृहीतकामुळे. ऊस, तांदूळ आणि मका यांच्यातली निवड पाण्याच्या हिशोबावर होत नाही. साखरेचा शिल्लक साठा, महामंडळाच्या गोदामातला तांदूळ आणि महागाई यांच्यावर ती होते.

तोललेले पर्याय

पहिला पर्याय नेहमीचा, बाजार समिती किंवा खेडा खरेदी. पैसे लगेच, जोखीम नाही, पण ओलाव्याची 'कट', म्हणजे वजनातली वजावट, व्यापाऱ्याच्या अंदाजाने.

दुसरा, पोल्ट्री आणि खाद्य कारखाने. बाजारापेक्षा थोडा चढा भाव देतात, पण बुरशीच्या बाबतीत कडक असतात आणि एका वेळी एक-दोन गाड्याच घेतात.

तिसरा, मुरघास, म्हणजे मुरवून ठेवायचा हिरवा चारा. सिन्नर-निफाडकडचे दूधवाले ८० ते ९० दिवसांचा हिरवा मका उभाच घेतात. रान लवकर मोकळं होतं, कांद्याला ते फार सोयीचं. पण मागणी मर्यादित, आणि वाहतुकीत पाणीच वाहावं लागतं, म्हणून लांब परवडत नाही.

चौथा, राज्याच्या पणन मंडळाच्या योजनेखाली शेतमाल तारण, म्हणजे माल गोदामात ठेवून त्यावर कर्ज. मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम, ६ टक्के व्याज, मुदत १८० दिवस. २०२४ मध्ये या पर्यायाकडे कुणी नीट पाहिलं नाही.

पाचवा इथेनॉल प्रकल्प. त्याची देण्याची ताकद किती, हे कंपनीच्या व्यवस्थापकाने मांडून पाहिलं, आणि सगळ्या प्रक्रियेतलं हे सर्वांत चांगलं काम म्हणावं लागेल. एक टन मक्यातून ३८० लिटर, दर ७१.८६, म्हणजे २७,३०० रुपये. शिवाय चोथा वाळवून होणारं डीडीजीएस हे पशुखाद्य, टनामागे साधारण ३०० किलो. ते १६ रुपये किलोने गेलं तर ४,८०० रुपये. दोन्ही मिळून ३२,१०० रुपये. इंधन, एन्झाइम, वीज, मजुरी आणि कर्जाचं व्याज यांना लिटरमागे १२ रुपये धरले तर ४,५६० जातात. म्हणजे प्रकल्पाच्या दारात मका क्विंटलला २,७५० च्या आसपास पडला की नफा संपतो. हमीभाव २०२४-२५ साठी २,२२५ होता, त्यामुळे प्रकल्प त्याच्या वर थोडं देऊ शकत होता.

याच मांडणीत पुढचा धोकाही दिसत होता. डीडीजीएसचा भाव १६ वरून १२ वर आला तर टनामागे १,२०० रुपये, म्हणजे मक्याच्या क्विंटलमागे १२० रुपये कमी. आणि तो घसरणार हे उघड होतं, कारण मका वाढला की डीडीजीएसही वाढतं. त्यात प्रथिनं २६ ते ३० टक्के, सोयापेंडीत ४५ च्या पुढे, पण किंमत साधारण निम्मी. खाद्य कारखान्यांनी पेंड कमी करून डीडीजीएस वाढवलं, पेंडीची मागणी घटली आणि सोयाबीनला फटका बसला. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता आणि बाजार त्याच्या बराच खाली. म्हणजे ज्या शेतकऱ्याला एका वावरात इथेनॉलने दिलं, त्याच्याच शेजारच्या वावरातून इथेनॉलनेच काढून घेतलं. सोयाबीन पडण्याला तेल आयात आणि जागतिक भाव ही मोठी कारणं होतीच, पण हे कारणही त्यात होतं. सभेत ते कुणी मांडलं नाही.

पहिला निर्णय: २०२४

करार ४०० टनांचा झाला. भाव: मागच्या आठवड्याच्या लासलगाव आणि येवला इथल्या सर्वसाधारण भावाची सरासरी अधिक १२० रुपये, प्रकल्पाच्या दारात, पण हमीभावाच्या खाली नाही. ओलावा १४ टक्के आधार, १९ टक्क्यांपर्यंत तक्त्यानुसार वजावट, त्याहून जास्त असेल तर गाडी परत. पैसे पंधरा दिवसांत.

ओलाव्याचा तक्ता हा या कराराचा खरा गाभा. हिशोब कोरड्या मालावर होतो. १९ टक्के ओलाव्याच्या शंभर किलोंत ८१ किलो कोरडा माल; ८१ भागिले ०.८६, म्हणजे १४ टक्क्यांच्या आधारावर ९४.२ किलो. २४ टक्के ओलावा असेल तर ८८.४ किलो. खेडा खरेदीत याच १९ टक्क्यांच्या मालावर क्विंटलला ९ किलो कट लागायची, म्हणजे ९१ किलोचे पैसे मिळायचे.

करारभाव २,२२५ मधून वाहतूक ७०, बारदान-हमाली २५, पंधरा दिवसांचं व्याज ११, कंपनीचा खर्च ३० वजा करून २,०८९ उरले. १९ टक्के ओलाव्याच्या मालाला त्याचे झाले १,९६८ रुपये. खेडा खरेदीत २,०६० भावाने ९१ किलोचे १,८७५. फरक ९३ रुपये. त्यातले भावामुळे २६ आणि वजनाच्या प्रामाणिक हिशोबामुळे ६७. म्हणजे दोन तृतीयांशाहून जास्त फायदा इथेनॉलचा नव्हताच; तो ओलावा मोजण्याच्या यंत्राचा होता. कोणत्याही खरेदीदाराबरोबर हाच तक्ता लावून घेता आला असता. कंपनीने हे त्या वेळी ओळखलं नाही आणि सगळं श्रेय इथेनॉलला दिलं.

व्यवहारात जे अडलं तेही नोंदवायला हवं. कंपनीचं यंत्र आणि प्रकल्पाचं यंत्र यांत एक ते दीड टक्क्याचा फरक येत होता. दाणा गरम असताना मोजला की यंत्र चुकतं, खळ्यावरून उचललेला माल लगेच मोजला जायचा. उपाय साधा निघाला: नमुना तासभर सावलीत ठेवायचा, गाडीच्या पाच जागांहून परखीने (पोत्यात खुपसायच्या पोकळ सळईने) काढलेला माल एकत्र करायचा आणि त्याचे दोन भाग करून एक सीलबंद पिशवीत ड्रायव्हरबरोबर द्यायचा. तिसऱ्या गाडीनंतर वाद थांबले. दोन गाड्या तरीही परत आल्या, बुरशीमुळे. 'प्रकल्पाला काय, कसलाही मका चालतो' हा समज तिथे मोडला. बुरशीचं अफलाटॉक्सिन इथेनॉलमध्ये उतरत नाही हे खरं. पण स्टार्च निघून गेल्यावर ते उरलेल्या चोथ्यात साधारण तिप्पट दाट होतं, आणि तसं डीडीजीएस पोल्ट्रीवाला घेत नाही.

दुसरा निर्णय: २०२५

चित्र दरम्यान पालटलं होतं. २९ ऑगस्ट २०२४ ला रस आणि बी-हेवी मळीवरची बंधनं पुढच्या हंगामापुरती उठली. जानेवारी २०२५ मध्ये महामंडळाचा तांदूळ इथेनॉलसाठी क्विंटलला २,२५० रुपयांनी देण्याचं ठरलं, आधी २४ लाख टन, पुढे मर्यादा ५२ लाख टनांवर गेली. तांदळाचा उतारा टनाला ४५० लिटरच्या पुढे आणि दाणा कोरडा, एकसारखा, वर्षभर मिळणारा. मे २०२५ च्या अखेरीस मक्याचा हमीभाव २,४०० झाला. शेतकऱ्याच्या दृष्टीने चांगली बातमी. प्रकल्पाच्या दृष्टीने मका महाग आणि तांदूळ स्वस्त.

या सगळ्या गोष्टी जून २०२५ मध्ये जाहीर होत्या, वर्तमानपत्रात येऊन गेल्या होत्या. तरी कंपनीने करार ७०० टनांवर नेला. सभासदांनी सोयाबीन मोडून मका वाढवला होता आणि तो कुठेतरी घालायचा होता. प्रकल्पानेही हमीभावाचा तळ मान्य केला, इतक्या सहज की तिथेच शंका यायला हवी होती. मसुद्यात एक नवं कलम होतं: सरकारच्या किंवा तेल कंपन्यांच्या निर्णयामुळे कच्च्या मालात बदल करावा लागल्यास उरलेला माल घेण्यास खरेदीदार बांधील राहणार नाही. व्यवस्थापकाने ते वाचलं आणि 'असं सगळेच लिहितात' म्हणून सोडून दिलं.

तसं सगळे लिहितात हे खरंच. पण भूकंप-पुरासारख्या दैवी आपत्तीच्या कलमात आणि या कलमात फरक आहे. इथेनॉलच्या धंद्यात कच्च्या मालाचा वाटा बदलणं ही आपत्ती नाही, ती दरवर्षीची रीत आहे. पुरवठा वर्ष १ नोव्हेंबरला सुरू होतं, तेल कंपन्यांचं कच्च्या मालानुसार वाटप त्याच्या तोंडावर येतं, आणि पेरणी जूनमध्ये झालेली असते. म्हणजे शेतकरी आपलं रान चार महिने आधी बांधून बसतो आणि मक्याला किती जागा आहे ते सोंगणीच्या वेळी कळतं.

२०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी सुमारे १,०५० कोटी लिटर मागितले. देशभरातून देऊ केले गेले १,७७६ कोटी. बहुतेक प्रकल्पांना क्षमतेपेक्षा खूपच कमी वाटप मिळालं. उसावर या हंगामासाठी बंधन नव्हतं, तांदूळ होता, आणि मका विक्रमी पिकला होता. बाजार हमीभावाच्या कितीतरी खाली गेला. इथल्या प्रकल्पाने १८० टन उचलले आणि नोव्हेंबरच्या मध्यावर नव्या कलमाचा हवाला देणारं पत्र पाठवलं.

त्यानंतरची कारवाई

कंपनीच्या काट्यावर तेव्हा चांगल्या मालाला १,६५० मिळत होते. २,४०० शी तुलना केली तर ५२० टनांवर ३९ लाखांची तफावत. कायदेशीर नोटीस द्यायची का, यावर एक बैठक झाली. वकिलाने कलम वाचून दाखवलं आणि तो विषय संपला. मग माल चार वाटांनी लावला.

साठ टन माल ओला आणि काळपट होता, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसाचा. तो मिळेल त्या भावाने त्याच आठवड्यात काढला. तो थांबवला असता तर बाकीच्या थप्प्याही बिघडल्या असत्या.

एकशेचाळीस टन सभासदांनी आपापल्या नावाने हमीभाव केंद्रावर नोंदवला. इथे कंपनी मध्ये येऊ शकत नव्हती: ऑनलाइन नोंदणी, सातबारा, आधार आणि ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून होणाऱ्या सरकारी पीक-नोंदीत) मक्याची नोंद लागते, शिवाय हेक्टरी मर्यादा. ज्यांनी करार आहे म्हणून ई-पीक पाहणीकडे दुर्लक्ष केलं होतं किंवा जुन्या सवयीने तिथे सोयाबीन नोंदवून मोकळे झाले होते, त्यांना केंद्राचं दार बंद. हमीभाव मिळू शकणारा बराच माल या एका कारणाने बाहेर राहिला.

एकशेवीस टन पोल्ट्रीवाल्यांना १,८२० ने गेला. हे त्याच दोन संचालकांच्या ओळखीने झालं, ज्यांच्याशी वर्षापूर्वी सभेत भांडण झालं होतं. ओलावा तक्ता इथेही लावला आणि कुणी हरकत घेतली नाही.

उरलेले दोनशे टन तारण ठेवले. किंमत १,६५० ने ३३ लाख, त्यावर कर्ज पावणेपंचवीस लाख. ते सभासदांना वाटलं, त्यातून कांद्याच्या लागणी निघाल्या. १८० दिवसांचं व्याज क्विंटलला सुमारे ३७ रुपये. साठवणीसाठी मका १४ नव्हे, १२ टक्क्यांवर आणावा लागतो, नाहीतर सोंडे आणि बुरशी दोन्ही लागतात; त्यात वजन २.३ टक्के घटतं, म्हणजे आणखी ३८ रुपये. धुरीकरण, ताडपत्री, राखण मिळून पंचवीसेक. एकूण शंभर रुपये. भाव १,७५० च्या वर गेला तरच थांबण्याचा फायदा. धुरीकरण परवानाधारक माणसाकडूनच करून घेतलं. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या घरी टाकण्याचा प्रकार जिवावर बेततो.

निष्पत्ती

पाचशेवीस टनांच्या कागदी तफावतीपैकी १४० टनांची हमीभाव केंद्रामुळे मिटली, पोल्ट्रीमुळे १२० टनांना क्विंटलला १७० रुपये वर मिळाले. दोनशे टन गोदामातच आहेत. ज्या सभासदांची ई-पीक पाहणी चुकली त्यांचा राग प्रकल्पापेक्षा कंपनीवर जास्त आहे, आणि तो समजण्यासारखा आहे. खरिपाची जुळवाजुळव करायला पुढच्या जूनआधी बसावं लागणार, तेव्हा यातले किती जण मका कंपनीकडे आणतील हे सांगता येत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट प्रमाणाची. ७०० टनांऐवजी तिसरा हिस्सा इथेनॉलला, तिसरा पोल्ट्रीला, बाकी तारण-बाजारासाठी मोकळा, असं केलं असतं तर तेवढीच घसरण सोसणं सोपं गेलं असतं. कराराचा टन वाढवण्याआधी प्रकल्पाकडे दोनच कागद मागायचे होते: चालू वर्षाचं तेल कंपनीचं वाटपपत्र, कच्च्या मालानुसार, आणि त्याने महामंडळाकडून उचललेल्या तांदळाचा हिशोब. न दाखवणारा खरेदीदारही काहीतरी सांगतच असतो.

दुसरी गोष्ट कलमाची. ते काढून टाका म्हटलं असतं तर प्रकल्प उठून गेला असता. पण त्याला किंमत लावता आली असती: तीस दिवसांची पूर्वसूचना, सूचनेच्या दिवशी गाडीत किंवा गोदामात असलेला माल घेणं बंधनकारक, आणि न उचललेल्या टनांवर करारभावाच्या ठरावीक टक्के भरपाई. पाच टक्के धरली तरी क्विंटलला १२० रुपये, म्हणजे तारणाचा सगळा खर्च त्यात निघाला असता.

तिसरी ड्रायरची. १९ टक्क्यांवर अडलेल्या गाड्या आणि काळा पडलेला साठ टन माल यांची बेरीज केली तर छोट्या बॅच ड्रायरच्या हप्त्याचा मोठा भाग निघतो, आणि तो खरेदीदार कोण यावर अवलंबून नाही. दहा टन इथेनॉलला विकताना जे जमतं ते दहा टन कोंबडीला विकतानाही उपयोगी पडतं.

धोरणाबद्दल दोन्ही बाजूंचं ऐकून एक मत नोंदवावंसं वाटतं. ऊस, तांदूळ, मका यांच्यात हात मोकळा ठेवण्याचं सरकारचं कारण खोटं नाही. २०२३ च्या अपुऱ्या पावसानंतर साखर आणि तांदूळ रोखले नसते तर ग्राहकाला झळ लागली असती. मक्याचा वाटा कायमचा बांधून दिला तर पुढच्या दुष्काळात पोल्ट्री बुडेल. पण मोकळा हात ठेवायचा तर त्याची किंमत कुणी सोसायची? आज ती गपचूप शेतकऱ्यावर पडते, कारण साखळीत सगळ्यांत आधी बांधला जाणारा तोच. ब्राझीलमध्ये कारखाना स्वतःच साखर की इथेनॉल हे हंगामात ठरवतो आणि ऊस दोन्हीकडे जातो, त्यामुळे धक्का कारखान्याच्या आत जिरतो. इथे मका, तांदूळ आणि ऊस वेगवेगळ्या शेतकऱ्यांचे आहेत. मिश्रणाचा टक्का न बदलता एवढं करता येईल: पुढच्या पुरवठा वर्षासाठी प्रत्येक कच्च्या मालाचा किमान वाटा मे महिन्यात, पेरणीआधी जाहीर करणं. कमाल नको, किमान पुरे. वरचं हवं तसं बदलावं.

२०२६ च्या खरिपासाठी नव्या मसुद्यावर बोलणी सुरू आहेत. तीस दिवसांची सूचना प्रकल्पाला मान्य आहे, गोदामातला माल घेणंही मान्य आहे. भरपाईला तो तयार नाही. त्याऐवजी हमीभावाचा तळ काढून सरासरी अधिक १५० रुपये देऊ, असं त्याचं म्हणणं आहे. पोल्ट्रीवाले दोन संचालक हे स्वीकारा म्हणतात, अध्यक्ष नको म्हणतात. टनाची कमाल मर्यादा २५० ठेवायची, एवढ्यावर मात्र सगळे एक आहेत.